जिवंत वजन ते विकलेले मांस: लहान शेतावरून थेट मांसविक्री करताना काय समजून घ्यावे

जनावर जिवंत विकणाऱ्या शेतकऱ्याचा व्यवहार गोठ्याच्या दाराशी संपतो. व्यापारी वजन करतो किंवा नजरेने अंदाज बांधतो, पैसे देतो आणि जनावर घेऊन जातो. त्यानंतर प्रत्यक्षात किती मांस निघाले, ते नीट थंड झाले की नाही, कोणता भाग हातोहात खपला आणि कोणता पडून राहिला, या साऱ्याचा नफा-तोटा त्या व्यापाऱ्याचा असतो. शेतकरी कुटुंब आपले मांस स्वतः विकू लागले की मधल्या माणसाचा नफा घरात येतो हे खरे आहे. पण त्या नफ्यासोबत त्याने आजवर सोसलेली घट, जोखीम आणि मेहनतही घरात येते. चारा, खुराक, निवारा यांचे ज्ञान बहुतेक पशुपालकांकडे आधीपासून असते. अडचण येते ती जनावर गोठ्यातून बाहेर पडल्यानंतरच्या टप्प्यांवर, म्हणून या लेखात त्यांच्यावरच जास्त भर दिला आहे.

सर्वांत आधी वजनाचा हिशेब पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. रवंथ करणाऱ्या जनावराचे पोट मोठे असते आणि त्यातील चारा-पाणीच जिवंत वजनाच्या १० ते २० टक्के भरू शकते. त्याखेरीज कातडे, मुंडी, पाय, रक्त आणि आतडी वजा केल्यावर जे सोललेले धड उरते, त्याच्या जिवंत वजनाशी असलेल्या प्रमाणाला उतारा म्हणतात. शेळी-मेंढीत हा उतारा साधारण ४३ ते ५० टक्के, गोवंशीय जनावरांत ५० ते ६० टक्के, तर डुकरात आणि कोंबडीत ७० टक्क्यांच्या आसपास किंवा थोडा अधिक असतो. डुकराचा आणि कोंबडीचा उतारा जास्त असण्याचे मुख्य कारण हेच की त्यांना चारा आंबवणारे मोठे पोट नसते.

३० किलोचा बोकड घेऊ. उतारा ४५ टक्के धरला तर धड साडेतेरा किलो भरते. थंड होताना पृष्ठभागावरचे पाणी उडून त्यात साधारण दोन टक्के घट येते. तुकडे करताना हाडांचा चुरा, छाटलेली चरबी आणि मार लागून काळवंडलेला भाग जातो, आणि हाडासकट विकण्याजोगे मांस साडेबारा किलोच्या आसपास राहते. हाडे काढून निव्वळ मांस विकायचे असेल तर ते साडेआठ किलोच्या पुढे क्वचितच जाते. याचा अर्थ असा की जिवंत वजनाला किलोमागे जो खर्च आला असेल, त्याच्या जवळजवळ २.४ पट दर हाडासकट मांसाला मिळाला तर केवळ जनावराचा खर्च भरून निघतो, आणि बिनहाडाच्या मांसाला तोच दर सुमारे साडेतीन पट असावा लागतो. कापण्याची मजुरी, वीज, पिशव्या, वाहतूक आणि घरच्या माणसांचे श्रम यांपैकी काहीही या आकड्यात आलेले नाही. अनेक नवे विक्रेते जिवंत दराच्या दुप्पट भाव लावतात आणि गिऱ्हाईक खूश आहे, माल संपतो आहे, तरी हाती काही उरत का नाही, या कोड्यात अडकतात. त्या कोड्याचे उत्तर बहुधा वरच्या हिशेबातच असते.

उताऱ्याची तुलना करताना एक खबरदारी घ्यावी लागते. सकाळी चरून, पाणी पिऊन आलेल्या जनावराचे वजन आणि रात्रभर उपाशी ठेवलेल्या त्याच जनावराचे वजन यांत चांगलाच फरक पडतो, त्यामुळे वजन कोणत्या अवस्थेत घेतले हे नोंदवले नाही तर उताऱ्याचा आकडा निरर्थक ठरतो. दर वेळी एकाच पद्धतीने वजन करावे आणि प्रत्येक जनावराचे जिवंत, सोललेले, थंड झालेले आणि प्रत्यक्ष विकलेले अशी चारही वजने लिहून ठेवावीत. माझ्या मते या धंद्यातील सर्वांत मौल्यवान वही हीच आहे, कारण कोणत्या वंशाचे, कोणत्या वयाचे आणि कोणत्या खाद्यावर वाढवलेले जनावर आपल्याला परवडते, हे दुसरी कोणतीही गोष्ट इतके स्पष्ट सांगत नाही.

वयाविषयी थोडक्यात. तरुण जनावर खाल्लेल्या खाद्याचे रूपांतर प्रामुख्याने स्नायूंत करते. वय वाढत जाते तशी वाढ मंदावते आणि तेच खाद्य चरबीकडे वळू लागते. चरबीचा एक किलो घडवायला मांसाच्या एका किलोपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा लागते, म्हणून जनावर आणखी महिनाभर ठेवून मोठे करण्याचा मोह बहुतेक वेळा महाग पडतो. जलद वाढणारी ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांच्या आत विक्रीयोग्य होते आणि साधारण पावणेदोन किलो खाद्यात एक किलो वाढते. सावकाश वाढणाऱ्या जातींना त्याच्या दीडपट ते दुप्पट काळ लागतो, मात्र त्यांचे मांस अधिक घट्ट व चवदार असते आणि त्यासाठी जास्त मोजणारे गिऱ्हाईकही मिळते.

आरोग्याच्या बाबतीत थेट विक्री करणाऱ्यावर एक जास्तीची जबाबदारी असते, ती म्हणजे औषधांच्या अंशाची. प्रतिजैविक असो वा जंतनाशक, प्रत्येक औषध दिल्यानंतर ठरावीक दिवस जाईपर्यंत त्या जनावराचे मांस खाण्यासाठी वापरायचे नसते. हा काळ औषधानुसार, जनावरानुसार आणि मात्रेनुसार बदलतो व तो औषधाच्या वेष्टनावर छापलेला असतो. वेष्टनावर ज्या प्राण्याचा उल्लेखच नाही अशा प्राण्याला औषध द्यायचे असेल, तर तो काळ पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावा. म्हणून प्रत्येक जनावराच्या कानात क्रमांकाचा बिल्ला हवा, आणि कोणत्या क्रमांकाला कोणते औषध कोणत्या तारखेला दिले याची नोंद हवी. इंजेक्शन शक्य तेव्हा मानेत द्यावे, मांडीत देऊ नये. टोचलेल्या जागी गाठ किंवा घट्ट वण राहतो आणि मांडी हा तर धडातील सर्वांत किमती भागांपैकी एक असतो.

शेळ्या-मेंढ्यांत औषधाचा सर्वाधिक वापर जंतांसाठी होतो. त्यांतील हिमोंकस कॉन्टॉर्टस हा जंत चौथ्या पोटात राहून रक्त शोषतो, त्यामुळे जनावराच्या डोळ्यांच्या पापणीची आतली बाजू फिकट पडत जाते आणि पुढे जबड्याखाली सूज येते. त्याच्या अळ्या ओलसर गवतावर चढतात, पण बहुतांश अळ्या जमिनीपासून पहिल्या पाच-सहा सेंटिमीटरच्या आतच राहतात. कुरण बोटभर उरेपर्यंत चारले तर जनावर नेमक्या त्याच थरात तोंड घालते. दहा सेंटिमीटर गवत उरले असताना कळप पुढच्या तुकड्यात हलवला तर संसर्ग बराच घटतो. सरसकट सगळ्यांना ठरावीक दिवसांनी जंतनाशक पाजण्याची सवय सोडावी, कारण त्यातून औषधाला न जुमानणारे जंतच तेवढे मागे उरतात. दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेल्या फमाचा पद्धतीत पापणीचा रंग पाच छटांच्या तक्त्याशी ताडून केवळ फिकट जनावरांनाच औषध दिले जाते. कळपातील बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात, त्यामुळे हा मार्ग पुरतो. शिवाय ज्यांना औषध दिलेच नाही, त्यांच्या बाबतीत थांबण्याच्या काळाचा प्रश्नही उरत नाही.

आता त्या टप्प्याकडे येऊ, जिथे वर्षभराची मेहनत एका दिवसात बिघडू शकते. जिवंत स्नायूचा सामू (आम्लता दाखवणारा pH हा अंक; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) ७ च्या जवळ असतो. जनावर मेल्यानंतर स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेन या साखरेच्या साठ्यापासून लॅक्टिक आम्ल तयार होते आणि सामू हळूहळू ५.५ च्या आसपास उतरतो. ही आम्लता मांसाला चांगला रंग देते, पोत देते आणि जंतूंची वाढ मंदावते. मात्र कत्तलीआधीच्या काही तासांत जनावर पळाले, झुंजले, कळपापासून तुटून घाबरले किंवा गाडीत फार वेळ उभे राहिले, तर ते ग्लायकोजेन आधीच खर्च होऊन जाते. मग आम्ल पुरेसे बनत नाही, सामू ६ च्या वरच अडकतो, आणि मांस गडद, चिकट व लवकर खराब होणारे निघते. रवंथ करणाऱ्या जनावरात ग्लायकोजेनचा साठा पुन्हा भरायला काही दिवस लागतात, त्यामुळे तासभर विश्रांती देऊन ही चूक भरून निघत नाही. डुकरात उलट प्रकारही दिसतो: अगदी शेवटच्या क्षणी घाबरवले तर धड गरम असतानाच सामू झपाट्याने खाली येतो आणि मांस फिकट, मऊ व पाणी सुटणारे होते.

म्हणजे जनावराशी दयेने वागणे आणि चांगले मांस मिळवणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, आणि मला या साऱ्या शास्त्रातील सर्वांत समाधान देणारी बाब हीच वाटते. जनावरांच्या वर्तनाच्या अमेरिकी अभ्यासक टेंपल ग्रँडिन यांनी दाखवून दिले की जनावर अडते, बिथरते, त्यामागे बहुधा अगदी साधी कारणे असतात: जमिनीवरची तीव्र सावली, चकाकणारे पाणी, लोंबणारी साखळी किंवा उजेडातून एकदम अंधारात जाण्याची वेळ. ती कारणे दूर केली तर ओरडण्याची किंवा काठी उगारण्याची गरज उरत नाही. शेळी विशेष भित्री असते, म्हणून तिला एकटी नेऊ नये. ओळखीच्या सोबतिणींसह न्यावे आणि शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच पोहोचवून शांत जागी ठेवावे. चारा १२ ते २४ तास आधी बंद करावा, म्हणजे पोट हलके होऊन आतडी फुटण्याचा धोका कमी होतो. कोंबड्यांना ८ ते १२ तास पुरतात. पाणी मात्र शेवटपर्यंत समोर असू द्यावे.

कत्तल कुठे करायची, हा प्रश्न पिल्ले जन्मण्याच्याही आधी सोडवायला हवा. घरच्यांसाठी कापणे आणि विक्रीसाठी कापणे यांत बहुतेक देशांचे कायदे फरक करतात. विक्रीसाठी परवानाप्राप्त जागा आणि कापण्यापूर्वी व कापल्यानंतर अशी दोन्ही वेळची तपासणी लागते. लहान शेतकऱ्यांचे काम घेणारे कत्तलखाने अनेक ठिकाणी थोडेच असतात आणि त्यांच्या तारखा कित्येक आठवडे, कधी महिने आधी भरतात. कापल्यानंतरच्या तपासणीत यकृतातील कृमी किंवा फुप्फुसातील गाठी दिसल्या तर ती माहिती आवर्जून मागून घ्यावी, कारण कळपाच्या तब्येतीचा इतका थेट पुरावा दुसरीकडे मिळत नाही. टाकाऊ आतडी, यकृत, फुप्फुसे कच्ची असताना कुत्र्यांना कधीही घालू नयेत. मेंढी-शेळीच्या अवयवांतील हायडॅटिड गाठींमधून कुत्र्याच्या पोटात फीतकृमी वाढतात आणि कुत्र्याच्या विष्ठेतून त्यांची अंडी माणसापर्यंत पोहोचतात. माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात अशी गाठ झाली की बहुधा शस्त्रक्रियेची पाळी येते.

निरोगी जनावराच्या स्नायूच्या आत जंतू जवळजवळ नसतात. ते येतात कातड्यावरून, आतड्यांतून, हातांवरून आणि सुरीवरून. त्यामुळे कातड्याची बाहेरची बाजू मांसाला लागू न देणे आणि आतडी न फुटता बाहेर काढणे, या दोन कौशल्यांवर बरीचशी स्वच्छता अवलंबून असते. खिम्यात धोका वाढतो, कारण पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत मिसळले जातात. म्हणूनच खिमा आतून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत आणि कोंबडी ७४ अंशांपर्यंत शिजवावी, असा सल्ला प्रत्येक गिऱ्हाइकाला द्यावा.

थंड करणे म्हणजे जितक्या लवकर तितके बरे, असा सर्वसाधारण समज आहे, पण तो अर्धाच बरोबर आहे. स्नायू ताठरण्याआधी, म्हणजे सामू अजून ६ च्या वर असताना, तापमान १० अंशांच्या खाली गेले तर स्नायूंचे तंतू आकसतात आणि मांस कायमचे वातड होते. १९६३ साली न्यूझीलंडच्या लॉकर आणि हॅगयार्ड या संशोधकांनी हा परिणाम प्रथम नीट मांडला. गोठवलेले मांस १८८२ पासून समुद्रापार पाठवणाऱ्या त्या देशाला, झटपट गोठवलेले कोकराचे मांस इतके चिवट का निघते, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळाले. शेळी-मेंढीचे धड लहान असते आणि त्यावर चरबीचे आवरण पातळ असते, म्हणून हा धोका त्यांनाच सर्वाधिक. पहिले काही तास धड १० ते १५ अंशांत टांगून मग ० ते ४ अंशांत हलवणे हा त्यावरचा उपाय आहे. मात्र किती वेळात किती थंड व्हायला हवे याचे स्थानिक नियम असतात आणि हा उपाय त्यांच्या मर्यादेतच करायचा असतो. कोंबडीचे स्नायू फार लवकर ताठरतात, तिला बर्फाच्या पाण्यात चटकन ४ अंशांपर्यंत आणलेलेच बरे, फक्त गोठवण्याआधी काही तास थंड जागी ठेवावे.

ताठरलेले स्नायू पुन्हा मऊ होतात ते स्नायूंतच असलेल्या कॅलपेन नावाच्या विकरांमुळे. कापल्या कापल्या, ताठरण्याआधी शिजवलेले मांस मऊ लागू शकते आणि दोन-चार दिवस थंडीत मुरलेलेही मऊ लागते. सर्वांत चिवट लागते ते या दोहोंच्या मधल्या काळातले. ताजे मांस हवे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हे सविस्तर समजावून सांगण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही. गोमांस दोन आठवड्यांपर्यंत मुरवतात. शेळी-मेंढीचे पातळ धड मात्र लवकर सुकते, तेव्हा त्याला दोन ते पाच दिवस पुरेसे असतात, कारण त्यापुढे मऊपणाची कमाई थोडी आणि वजनाची घट जास्त होऊ लागते.

वेष्टनाविषयी दोनच मुद्दे सांगतो, कारण गिऱ्हाइकांचे बहुतेक प्रश्न याच दोन गोष्टींवर असतात. निर्वात पिशवीतील मांस जांभळट दिसते, ते शिळे असल्यामुळे नव्हे तर ऑक्सिजन नसल्यामुळे; पिशवी फोडल्यावर काही मिनिटांत मायोग्लोबिन हे रंगद्रव्य पुन्हा लाल होते. आणि पिशवीत साठलेले लालसर पाणी हे रक्त नसून स्नायूंतून सुटलेला रस असतो. गोठवणे जितके सावकाश होईल तितके बर्फाचे स्फटिक मोठे बनतात आणि वितळताना हा रस तितका जास्त सुटतो. यासाठी पिशव्या लहान व चपट्या भराव्यात, गोठेपर्यंत एकमेकींवर रचू नयेत, आणि ३०० लिटरच्या घरगुती फ्रीझरमध्ये एका दिवशी १० ते १४ किलोंपेक्षा जास्त ताजा माल घालू नये. एका बोकडाचे मांसच तेवढे भरते, हे लक्षात घेतले की एकाच दिवशी पाच जनावरे कापण्याचा बेत का फसतो ते कळते. साठवणीचे तापमान उणे १८ अंश ठेवावे.

विक्रीत सर्वांत कठीण काम असते ते अख्खे जनावर संपवण्याचे. मागच्या दोन्ही मांड्या धडाच्या साधारण एक तृतीयांश असतात, कमरेचा मऊ भाग दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो, आणि मागणी नेमकी याच भागांना असते. मान, छाती, बरगड्यांचे टोक, पाया, मुंडी, कलेजी, वजडी यांना गिऱ्हाईक शोधावे लागते. समजा किलोमागे सरासरी १०० असा दर मिळाला तरच खर्च आणि श्रम भरून निघतात. त्यात एक चतुर्थांश माल फ्रीझरमध्ये पडून राहिला, तर उरलेल्याला १३३ दर मिळवावा लागेल. उलट मांड्यांना १२० लावले, तर बाकीचे दोन तृतीयांश सरासरी ९० ने गेले तरी गणित जुळते, आणि ९० चा दर पाहून मानेचे किंवा छातीचे मांस घेऊन बघणारे लोक तयार होतात. दरांची अशी उतरंड लावणे हे स्वस्तात विकणे नव्हे. पडून राहिलेला प्रत्येक किलो किती महागात पडतो, हे ओळखून केलेली ती मांडणी आहे.

लहान शेताने सुट्या तुकड्यांऐवजी वाट्याने विक्री सुरू करावी, असे माझे ठाम मत आहे. अर्धे धड, पाव धड किंवा सगळ्या भागांचे थोडेथोडे मांस असलेली ठरावीक वजनाची पेटी, असे वाटे आधीच नोंदवून घ्यावेत, काही रक्कम आगाऊ घ्यावी आणि सगळे वाटे भरल्याशिवाय जनावर कापायला नेऊ नये. मात्र दर कोणत्या वजनावर धरला आहे, जिवंत, टांगलेल्या धडाच्या की पिशवीतल्या, हे नोंदणीच्या वेळीच लेखी सांगावे. धडाच्या वजनावर पैसे दिलेल्या माणसाच्या हाती प्रत्यक्षात त्याहून कमी मांस येते, आणि ते का, हे त्याला आधी माहीत नसेल तर फसवले गेल्याची भावना त्याच्या मनात राहते. मग तो परत येत नाही.

शेवटचा हिशेब दिनदर्शिकेचा. शेळी सुमारे १५० दिवस गाभण असते आणि करडू आठ ते दहा महिन्यांनी विक्रीला येते, म्हणजे आज दिलेला वाटा हा तेरा ते पंधरा महिन्यांपूर्वी घेतलेल्या निर्णयाचे फळ असते. डुकरात हाच काळ, ११४ दिवसांचा गर्भकाळ धरून, दहा महिन्यांच्या आसपास जातो. गोवंशात दोन वर्षांच्या पुढे. आणि कोंबडीत अंडी उबवण्याचे २१ दिवस धरूनही तीन-चार महिन्यांच्या आत आटोपतो. म्हणून गिऱ्हाईक जोडण्याची आणि मांस थंड ठेवण्याची शिस्त अंगी बाणवण्याची सुरुवात कोंबड्यांपासून केलेली सोयीची, कारण चुकले तरी पुढची तुकडी लवकर हाती येते. शेळ्यांच्या बाबतीत एका शेळीमागे वर्षाला दीड करडू जगून मोठे होते असे धरले आणि कळपात जुन्यांच्या जागी घेण्यासाठी काही पाटी (तरुण माद्या) राखून ठेवल्या, तर विक्रीला शेळीमागे साधारण १.३ जनावरे मिळतात. महिन्याला चार जनावरांचे वाटे द्यायचे असतील तर सदतीस शेळ्या लागतात आणि त्यांची वेते वर्षभर विभागून घ्यावी लागतात, जे चाऱ्याच्या हंगामामुळे सोपे नसते. पहिल्या वर्षी महिन्याला एकाच जनावराची नोंदणी घेतली, तर दहा शेळ्यांवर ते भागते.